हजारात आठ-नऊ बाळं: जन्मजात हृदयदोषाविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात नवजात बाळाच्या तपासण्यांवर लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत एकच शब्द होता: छिद्र. त्यातले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं या वेळी देत आहोत. पत्रलेखकांची नावं मुद्दाम गाळली आहेत.

आमच्या गल्लीत दोन वर्षांत दोन बाळांच्या हृदयाला छिद्र निघालं. आमच्या लहानपणी असलं काही ऐकलंसुद्धा नव्हतं. हा आजार वाढलाय का? नेमका किती मुलांना असतो? (शिक्षक, जुळे सोलापूर)

जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे साधारण 8 ते 9 बाळांच्या हृदयाच्या रचनेत जन्मतः काही ना काही दोष असतो. म्हणजे सव्वाशे बाळांत एक. जन्मजात दोषांमध्ये हा सर्वांत जास्त आढळणारा दोष आहे. भारतात वर्षाला दोन लाखांहून अधिक अशी बाळं जन्मतात, असा अंदाज धरला जातो.

हाच हिशोब आपल्या जिल्ह्यासाठी करून पाहा. 2011 च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या 43 लाखांच्या वर होती. जन्मदर हजारी 15 धरला तर वर्षाला सुमारे 64 ते 65 हजार बाळं होतात. त्यांतली पाचशे ते पावणेसहाशे हृदयदोष घेऊन येणार. म्हणजे जिल्ह्यात कुठे ना कुठे रोज एक, कधी दोन. हा आकडा मोजून काढलेला नाही, नुसता गुणाकार आहे. पण एका गल्लीत दोन बाळं निघाली तर दचकायचं कारण नाही, एवढं त्यावरून कळतं.

आता वाढलाय का, याबद्दल. 1930 च्या दशकात जगभरातल्या नोंदी हजारी 1 सुद्धा भरत नव्हत्या. 1995 नंतरच्या नोंदी हजारी 9 पर्यंत गेल्या. एवढ्या काळात बाळांची हृदयं बदलली नाहीत, बदललं ते बघायचं साधन. नुसत्या स्टेथोस्कोपने तपासलं की मोठा आवाज करणारे दोष तेवढे सापडतात. टू-डी इकोने, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीने, दोन मिलिमीटरचं छिद्रसुद्धा दिसतं. दिल्लीकडे 20 हजारांवर नवजात बाळांची इकोने तपासणी झाली, तेव्हा आकडा हजारी 8 च्या आसपास आला. जगाच्या सरासरीशी तो जुळतो.

शाळेतल्या मुलांच्या पाहणीत मात्र हाच आकडा हजारी 1 ते 5 एवढाच दिसतो, आणि कमी आकडा पाहून लोकांना बरं वाटतं. वाटू नये. काही छिद्रं तोवर आपोआप बुजलेली असतात, हे खरं. पण गंभीर दोषाची अनेक बाळं शाळेच्या वयापर्यंत पोचलेलीच नसतात. तुमच्या लहानपणी तुम्ही 'छिद्र' ऐकलं नाहीत. 'निमोनियाने गेलं' किंवा 'अंगच धरलं नाही' हे नक्की ऐकलं असेल. त्यांतली काही याच हिशोबातली.

या हजारी 8-9 मध्ये सगळं एका मापाचं नसतं. जवळजवळ एक तृतीयांश वाटा खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातल्या छिद्राचा, म्हणजे व्हीएसडीचा. त्यानंतर वरच्या कप्प्यांमधलं छिद्र, एएसडी. मग पीडीए, म्हणजे जन्मानंतर बंद व्हायला हवी ती नळी उघडी राहणं. बाळ निळं पडणारे दोष संख्येने कमी, पण घाईचे. एकूण बाळांपैकी साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्याला पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया किंवा कॅथेटरचा (शिरेतून नळी घालून केलेला) उपचार लागतो. आपल्या जिल्ह्याच्या गुणाकारात ही वर्षाला शंभर ते दीडशे बाळं झाली. खरी धावपळ त्यांच्यासाठी करायची असते.

सातव्या महिन्यात ग्रहण होतं, तेव्हा सुनेने भाजी चिरली. त्याने बाळाच्या हृदयाला छिद्र पडलं का? पुढच्या बाळालाही होईल का? (सासूबाई, बार्शी)

नाही. बाळाचं हृदय पाळी चुकल्यानंतर साधारण सहा आठवड्यांत घडून तयार होतं. सातव्या महिन्यातल्या सुरीने ते कापलं जात नाही. सुनेला बोल लावू नका.

बहुतेक बाळांत एकच असं कारण सापडत नाही. जी माहीत आहेत ती अशी: गरोदर राहण्याआधीपासून आईला मधुमेह असणं आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत साखर ताब्यात नसणं, पहिल्या तिमाहीत झालेला रुबेला, फिटची आणि मुरमांची काही औषधं (व्हॅल्प्रोएट, आयसोट्रेटिनॉइन), दारू, आणि डाउन सिंड्रोमसारखे गुणसूत्रांचे दोष. डाउन सिंड्रोमच्या जवळजवळ निम्म्या बाळांना हृदयदोष असतो, म्हणून त्यांचा इको, हृदयात जादा आवाज ऐकू येवो न येवो, करायचाच. आपल्याकडे मामाच्या मुलीशी किंवा मामाशीच लग्न करायची रीत अजून आहे. जवळच्या नात्यातल्या लग्नात जन्मजात दोषांची शक्यता वाढते, हे स्पष्ट सांगायला हवं.

एका बाळाला दोष असेल आणि आईवडिलांना नसेल, तर पुढच्या बाळाला तो असण्याची शक्यता शंभरात 2 ते 3. म्हणजे शंभरातली 97 बाळं ठीक. दोन बाळांना असेल तर शक्यता बरीच वाढते, तेव्हा आधी जनुकीय सल्ला घ्या. पुढच्या खेपेला गरोदर राहण्याआधी साखर तपासा, रुबेलाची लस झाली नसेल तर घेऊन एक महिना थांबा आणि फोलिक अ‍ॅसिड आधीपासून सुरू करा.

पाचव्या महिन्याची सोनोग्राफी नॉर्मल होती. तरी बाळाला छिद्र कसं निघालं? सेंटरवाल्याने चूक केली का? (वडील, पंढरपूर)

बहुधा नाही. पोटातल्या प्रत्येक बाळाच्या हृदयात वरच्या पडद्यात एक वाट उघडी असते आणि पीडीएची नळीही उघडी असते. बाळ श्वास घेत नसतं, त्यामुळे रक्ताला फुप्फुसं टाळून जायला या वाटा लागतातच. त्या जन्मानंतर बंद होणार की नाही, हे आधी सांगता येत नाही. दोन-तीन मिलिमीटरचं व्हीएसडीही पोटात सहसा दिसत नाही.

एक बाब मात्र विचारण्यासारखी आहे. नेहमीच्या स्कॅनमध्ये 'चार कप्पे दिसले' एवढंच पाहिलं, तर महाधमन्या उलट्या जोडलेल्या असणं किंवा टेट्रालॉजी ऑफ फॅलो (बाळ निळं पाडणारा, चार दोष एकत्र असलेला प्रकार) असे मोठे दोष निसटतात, कारण त्यांत चारही कप्पे बऱ्याचदा ठीक दिसतात. हृदयातून बाहेर पडणाऱ्या दोन्ही मोठ्या रक्तवाहिन्याही पाहिल्या गेल्या पाहिजेत. रिपोर्टमध्ये तसा उल्लेख आहे का, ते बघा.

वर सांगितलेली कारणं असतील, आईवडिलांपैकी कुणाला हृदयदोष असेल, आधीचं बाळ तसं असेल, किंवा तिसऱ्या महिन्याच्या स्कॅनमध्ये मानेमागची जाडी 3.5 मिलिमीटर किंवा जास्त आली असेल, तर 18 ते 22 आठवड्यांत फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाचा इको, करून घ्यावा. ही वेगळी तपासणी आहे. उशीर करू नका. पुढचे निर्णय, गर्भपाताच्या कायद्यातली 24 आठवड्यांची मर्यादा (गंभीर दोषात त्यापुढे वैद्यकीय मंडळाची परवानगी लागते), बाळंतपण कुठे करायचं, हे सगळं त्या तारखेवर अवलंबून असतं.

आमच्या प्रसूतिगृहात पल्स ऑक्सिमीटर आहे. नवजात बाळांना लावायची योग्य पद्धत सांगाल का? (परिचारिका, करमाळा तालुका)

आनंदाने. बाळ 24 तासांचं झाल्यावर आणि घरी सोडण्याआधी करायचं. आधी केलं तर निरोगी बाळांचेही आकडे कमी येतात आणि विनाकारण घबराट होते.

उजवा हात आणि कुठलाही एक पाय. उजवाच हात, कारण त्या हाताला रक्त पीडीएच्या आधीच्या फाट्याने जातं. पायाला जाणारं रक्त त्याच्या पुढचं. दोघांत फरक पडला तर मध्ये गडबड आहे.

दोन्हीकडे ऑक्सिजन 95 टक्के किंवा जास्त आणि फरक 3 टक्क्यांपेक्षा जास्त नाही, तर बाळ पास. कुठेही 90 च्या खाली आलं तर तपासणी पुन्हा करत बसू नका, लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मधले आकडे आले तर एका तासाने पुन्हा करा. तेव्हाही तसेच राहिले तर इकोसाठी पाठवा.

आकडा चुकतो तो बहुतेक वेळा चार कारणांनी: पाय गार असतो, बाळ रडत-हलत असतं, प्रोब मोठ्यांचा असतो, किंवा वरून फोटोथेरपीचा उजेड पडत असतो. पाय कोमट करा, बाळ दुधावर शांत होऊ द्या, नवजाताचा गुंडाळायचा प्रोब वापरा, वर दुपटं टाका. मशीनवरची लाट एकसारखी दिसल्याशिवाय आकडा लिहू नका. बोटाला चिमटा लावायचं मोठ्यांचं मशीन बाळाच्या अंगठ्याला लावून आलेला आकडा लिहूच नये.

हेही लक्षात असू द्या: ही चाचणी निळे दोष पकडते. साधं व्हीएसडी किंवा एएसडी तिच्यात सापडत नाही आणि महाधमनी आक्रसलेली असेल तर तीही निसटू शकते. म्हणून जांघेतली नाडी दोन्ही बाजूंनी बोटाने चाचपायची. यंत्र आलं म्हणून हे सोडू नका.

बाळ अडीच महिन्यांचं आहे. पिताना थांबत-थांबत पितं, कपाळाला घाम येतो. घरचे म्हणतात, उन्हाळा आहे, घाम येणारच. महिन्याभराचं होतं तेव्हा छान प्यायचं. (आई, अक्कलकोट)

ताई, हे पत्र आमच्यापर्यंत पोचेपर्यंतसुद्धा थांबायला नको होतं. बालरोगतज्ज्ञांकडे याच आठवड्यात जा. श्वास फार जलद असेल, छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ पितच नसेल, तर आजच.

'पहिल्या महिन्यात छान होतं' हेच वाक्य मोठ्या व्हीएसडीत हमखास ऐकायला मिळतं. जन्मतः फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, त्यामुळे छिद्र मोठं असलं तरी तिकडे जास्त रक्त जात नाही. चार ते आठ आठवड्यांत त्या सैल पडतात, मग डावीकडचं रक्त छिद्रातून उजवीकडे आणि तिथून फुप्फुसांत धो-धो जाऊ लागतं. फुप्फुसं जड होतात, श्वास वाढतो. बाळाला दूध पिणं म्हणजे जिने चढण्यासारखं होतं.

सोलापूरच्या उन्हाळ्यात सगळ्यांनाच घाम येतो, हे कबूल. फरक असा बघा: निजलेल्या बाळाचं कपाळ कोरडं आणि पिताना घामाने डबडबलेलं, पंखा चालू असूनही, तर तो उकाड्याचा घाम नाही.

डॉक्टरांकडे जाताना तीन आकडे घेऊन जा. बाळ झोपलेलं असताना पोटाची हालचाल बघत घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहान बाळाचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, हा जलद श्वास. दुसरा आकडा: एका वेळचं पिणं किती मिनिटं चालतं. अर्ध्या तासाच्या वर जात असेल तर बाळ दमतंय. तिसरा: वजन. पहिल्या तीन महिन्यांत रोज 20 ते 30 ग्रॅम वाढायला हवं. अंगणवाडीच्या एकाच काट्यावर, कपडे काढून, आठवड्याच्या अंतराने केलेली दोन वजनं पुरेत.

दरम्यान थोडं-थोडं, दोन-दोन तासांनी पाजा. ओढून दमत असेल तर काढलेलं दूध वाटी-चमच्याने द्या. औषध सुरू झालं तर ते सिरिंजने मोजून द्या, घरातल्या चमच्याने नको. अर्धा मिलिलिटर जास्त गेलं तरी या वयात फरक पडतो.

'वजन वाढू दे, मग ऑपरेशन बघू' असा सल्ला कुणी दिला तर दुसरं मत घ्या. मोठ्या छिद्रात वजन वाढत नाही ते छिद्रामुळेच. असं व्हीएसडी साधारणपणे तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान बंद करतात. फार उशीर झाला, तर फुप्फुसातला दाब कायमचा चढतो आणि मग छिद्र बंद करणंच धोक्याचं होऊन बसतं.

इकोत '3 मिमी छिद्र' लिहिलंय. आपोआप बुजेल का? (वडील, मोहोळ)

मापापेक्षा जागा महत्त्वाची. स्नायूंच्या पडद्यातलं लहान व्हीएसडी असेल तर ते बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत बुजतं. झडपेजवळच्या पातळ पडद्यातलं असेल तर काही बुजतात, काही नाहीत. फुप्फुसाच्या झडपेच्या अगदी खाली असलेलं छिद्र बुजत नाही आणि लहान असूनही त्रास देतं, कारण महाधमनीच्या झडपेची पाकळी त्यात ओढली जाऊन झडप गळू लागते. हा प्रकार आशियाई मुलांत तुलनेने जास्त दिसतो, म्हणून 'छोटंच आहे' म्हणून फाइल कपाटात टाकू नका.

छिद्र वरच्या पडद्यात, म्हणजे एएसडी असेल, तर लहान बाळातलं 3 मिलिमीटरपर्यंतचं जवळजवळ नेहमी दीड वर्षात बंद होतं. 8 मिलिमीटरच्या वरचं क्वचितच. ते त्रास देत नसेल तर शाळेत जायच्या आधी, बऱ्याचदा मांडीतल्या शिरेतून छत्रीसारखं उपकरण सोडून बंद करतात.

रिपोर्टवर छिद्राची जागा, रक्त कुठल्या दिशेने जातं आणि फुप्फुसातला दाब लिहिलेला नसेल तर तो लिहून मागा. आणि दर महिन्याला इको करायची गरज नसते.

नातू चार वर्षांचा. खेळता-खेळता उकिडवा बसतो, ओठ जांभळे होतात. डॉक्टर ऑपरेशन सांगतात, घरचे उन्हाळा संपू दे म्हणतात. (आजी, मंगळवेढा)

आजी, उकिडवं बसणं ही त्याची खोड नाही. तसं बसल्यावर पायांकडचा दाब वाढतो आणि थोडं जास्त रक्त फुप्फुसांकडे वळतं. पोराने स्वतःच शोधलेला हा उपाय आहे. हे वर्णन टेट्रालॉजीचं वाटतं. आजकाल तिची शस्त्रक्रिया पहिल्या वर्षाच्या आसपास करतात, चार वर्षं म्हणजे आधीच उशीर झालाय. थंडीची वाट पाहू नका. उलट उन्हाळाच त्याला जड जातो: जुलाब-उलटी झाली किंवा पाणी कमी पडलं की आधीच घट्ट असलेलं रक्त आणखी घट्ट होतं आणि मेंदूत रक्ताची गुठळी अडकू शकते. एक वेळ जेवण चुकलं तरी चालेल, पाणी चुकू देऊ नका. जुलाब लागले तर पहिल्याच दिवशी दवाखाना.

एकदम निळा पडून जोरजोरात श्वास घेऊ लागला तर त्याला छातीशी धरून दोन्ही गुडघे पोटाशी दुमडा. आरडाओरडा करू नका, रडण्याने झटका वाढतो. 108 ला फोन करा. चार-पाच मिनिटांत शांत झाला तरी त्याच दिवशी दाखवा.

हिमोग्लोबिनचा रिपोर्टही डॉक्टरांना नीट विचारा. निळ्या मुलात 12 हा आकडा चांगला नसतो, ते लोह कमी असल्याचं लक्षण असतं, आणि लोह कमी असेल तर झटके वाढतात. दात किडले असतील तर ते आधी दाखवा. दात काढण्यापूर्वी अशा मुलांना अर्धा ते एक तास आधी अ‍ॅमॉक्सिसिलिनचा एक डोस लागतो. दंतवैद्यांना हृदयाचं सांगितल्याशिवाय खुर्चीत बसवू नका.

शाळेतल्या तपासणीत मुलीच्या हृदयात 'मर्मर' आहे म्हणाले. ती तर धावते, पळते. (आई, सोलापूर)

मर्मर म्हणजे ठोक्यांमध्ये ऐकू येणारा जादा आवाज. निम्म्याहून अधिक मुलांत कधी ना कधी निर्दोष मर्मर ऐकू येतो. तापात आणि रक्त कमी असताना जास्तच. तरी एक इको करून घ्या, कारण एएसडी याच वयात, धावत्या-पळत्या मुलांत सापडतं. इको ठीक आला तर विषय संपला. खेळ बंद करू नका.

पुण्या-मुंबईला जायला लागेल म्हणतात. पैसे कुठून आणायचे? (यंत्रमाग कामगार, सोलापूर)

आधी इथलं काम इथे उरका. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, आणि जन्मजात हृदयदोष त्यांच्या यादीत आहे. पथक येईपर्यंत थांबायचं नाही. आशाताईंना सांगा, किंवा सिव्हिलच्या बालरोग विभागात थेट जा. तिथून पुढचा कागद तयार होतो.

शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, पहिली गाठ त्यांची घ्या. निघण्याआधी 155388 वर फोन करून ते रुग्णालय लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी योजनेत आहे ना, हे विचारा. मोठ्यांची बायपास करणारं प्रत्येक रुग्णालय तीन किलोच्या बाळाचं हृदय करत नाही. नवी मुंबईत खारघरला श्री सत्यसाई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया विनामूल्य होतात. तिथे आणि इतरत्रही प्रतीक्षा यादी असते, म्हणून निदान झाल्याच्या आठवड्यातच नाव नोंदवा. ईएसआयसीचं कार्ड चालू असेल तर त्यांच्या दवाखान्यातून रेफरल निघतं, तेही विचारून ठेवा.

सोबत रेशन कार्ड, आईवडिलांची आधार कार्डं, बाळाचा जन्मदाखला, इकोचा मूळ रिपोर्ट आणि लसीकरणाचं कार्ड घ्या. लसी थांबवू नका. हृदयदोष आहे म्हणून लस नको, हे चूक आहे. न्यूमोनियाची पीसीव्ही तर याच बाळांना सर्वांत जास्त उपयोगी. फक्त शस्त्रक्रियेच्या तारखेजवळ लस येत असेल तर डॉक्टरांना विचारा. रक्त देऊ शकणारे दोन-चार नातेवाईक तयार ठेवा. निघायच्या आदल्या दिवशी बाळाला सर्दी-ताप असेल तर आधी रुग्णालयात फोन करा, नाहीतर अडीचशे किलोमीटर पुण्यापर्यंत जाऊन 'दोन-तीन आठवड्यांनी या' ऐकून परतावं लागतं. महिन्याच्या आतल्या निळ्या बाळाला मात्र हा नियम लागू नाही. त्याला एसटीने किंवा रेल्वेने नेऊ नका. डॉक्टरांनी पीडीए उघडी ठेवणारं प्रोस्टाग्लॅंडिन सुरू केलं असेल तर ते वाटेत क्षणभरही बंद पडता कामा नये, म्हणून अ‍ॅम्ब्युलन्समध्ये सिरिंज पंप चार्ज झालेला आहे आणि जादा बॅटरी आहे, हे निघण्यापूर्वी डोळ्यांनी बघून घ्या.